घरातले वाय-फाय परसातल्या मांगरापर्यंत: जुना राउटर वापरून जोडणी करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातल्या बहुतेक घरांची ठेवण सारखीच असते. पुढे अंगण, मध्ये जांभ्याच्या चिऱ्यांचे घर, मागे परस आणि परसाच्या टोकाला मांगर. पूर्वी त्या मांगरात गवत, अवजारे आणि गुरे असत. आता तिथे कुणी काजू फोडण्याचे यंत्र बसवले आहे, कुणी पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या आहेत, तर कुणाची मुले मुंबई-पुण्याची नोकरी तिथे बसून करतात. फायबरची जोडणी मात्र पुढच्या पडवीत येऊन थांबलेली असते. आमच्या घरापासून मांगर साधारण ३५ मीटरवर आहे आणि तिथपर्यंत इंटरनेट नेताना ज्या अडचणी आल्या, त्यांतूनच पुढची उत्तरे लिहिली आहेत. देशावरच्या वाड्यामागचा गोठा असो, शेतघर असो किंवा बंगल्याच्या आवारातले आउटहाऊस असो, तत्त्व तेच लागू पडते.

घरात रेंज उत्तम आहे; मग अंगण ओलांडले की ती का जाते?

कारण अंतरापेक्षा भिंतींचे आहे. उघड्या मैदानात साधा राउटरही ५०-६० मीटरवर ओळखीचा सिग्नल देतो, पण घर ते मांगर या वाटेत त्याला निदान तीन-चार भिंती ओलांडाव्या लागतात. चिऱ्याची भिंत फूट-सव्वा फूट जाडीची असते, आणि पावसाळ्यात चिरा पाणी धरून ठेवतो. पाणी या लहरी शोषून घेते, त्यामुळे मे महिन्यात जेमतेम चालणारी जोडणी जुलैमध्ये बंद पडते. राउटर मात्र बिघडलेला नसतो. मांगरावर लोखंडी पत्रा असेल, किंवा बाजूही पत्र्याने बंद केलेल्या असतील, तर सिग्नल त्यावर आपटून परत फिरतो. वाटेतली ओली झाडेही आपला वाटा उचलतात.

राउटर साधारणपणे लहरींच्या दोन पट्ट्यांवर (फ्रिक्वेन्सी बँडवर) काम करतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या असतात आणि भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या जातात; ५ गिगाहर्ट्झच्या लहरी त्याच्या निम्म्याहून लहान असतात, वेग जास्त देतात, पण एका जाड भिंतीतच थकतात. म्हणून ‘जास्त अँटेनांचा महाग राउटर घेतला की मांगरात रेंज येईल’ ही समजूत बहुतेक वेळा पैसे वाया घालवते. त्यातच दुसरी एक गोष्ट विसरली जाते: राउटर मोठ्याने बोलला तरी मोबाइलला तितक्याच ताकदीने उत्तर देता येत नाही, आणि संभाषण दोन्ही बाजूंनी व्हावे लागते. भिंती ओलांडण्याचे काम तारेकडे सोपवावे आणि रेडिओ लहरी मांगराच्या आतच सोडाव्यात, हाच या संपूर्ण खटाटोपाचा गाभा आहे.

बाजारात प्लगमध्ये खोचायचा रिपीटर मिळतो. तो लावून भागत नाही का?

काही ठिकाणी भागते. मांगर दहा-पंधरा मीटरवर असेल, मधे एखादीच भिंत असेल आणि गरज मोबाइलवर संदेश पाहण्यापुरतीच असेल, तर रिपीटर पुरतो. मात्र साधा रिपीटर एकाच पट्टीवर ऐकतो आणि त्याच पट्टीवर पुन्हा बोलतो, त्यामुळे मिळणारा वेग सुमारे निम्मा होतो. शिवाय लोक तो नेमका चुकीच्या जागी, म्हणजे जिथे रेंज नाही तिथे, बसवतात. ज्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार? तो जिथे सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी हवा, आणि आपल्याकडे ती मधली जागा म्हणजे बहुधा उघडे परस असते.

कोणता जुना राउटर या कामी येतो?

जवळजवळ कोणताही. नवी फायबर जोडणी घेतल्यावर माळ्यावर गेलेला जुना राउटर चालतो, आणि टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट येत असे त्या काळातला ब्रॉडबँड मोडेमही चालतो. त्या मोडेमचे टेलिफोनचे छिद्र आता निरुपयोगी असले तरी त्याची मागची लॅन छिद्रे (घरातली उपकरणे तारेने जोडण्याची छिद्रे) आणि वाय-फाय शाबूत असतात, आणि आपल्याला तेवढेच हवे असते.

तीन गोष्टी मात्र तपासाव्यात. पहिली म्हणजे त्याचा स्वतःचा अडॅप्टर. यांत ९ व्होल्ट आणि १२ व्होल्ट असे दोन प्रकार सर्रास आढळतात, पिन बहुतेकदा सारखीच बसते, आणि ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टचा अडॅप्टर लावल्यास तो जळू शकतो. राउटरच्या पोटावरच्या लेबलवरील आकडा आणि अडॅप्टरवरचा आकडा जुळवूनच वीज द्यावी; अँपिअरचा आकडा अडॅप्टरवर जास्त असला तर बिघडत नाही, कमी असून चालत नाही. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. वाय-फायला पासवर्डचे कुलूप लावणारी, २००४ साली आलेली डब्ल्यूपीए-२ पद्धत त्यात नसेल आणि फक्त जुनी डब्ल्यूईपी असेल, तर तो राउटर वापरू नये, कारण डब्ल्यूईपीचे कुलूप काही मिनिटांत उघडते. तिसरी गोष्ट मालकीची: इंटरनेट पुरवणाऱ्याने दिलेला राउटर कधीकधी परत करायचा असतो, तेव्हा तो मांगरात ठोकण्यापूर्वी विचारून घेतलेले बरे.

दुसरा राउटर जसा आहे तसाच जोडला तर काय बिघडते?

घरातील प्रत्येक मोबाइल, टीव्ही आणि कॅमेऱ्याला एक क्रमांक लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. हे पत्ते वाटण्याचे काम मुख्य राउटर करतो आणि त्या कामाला डीएचसीपी म्हणतात. दुसरा राउटरही मुळात तेच काम करण्यासाठी घडवलेला असतो. दोघांचीही लॅन छिद्रे एकमेकांना जोडून दोघांनाही पत्ते वाटू दिले, तर एका घरात दोन कारभारी झाल्यासारखे होते: कुणाला याच्याकडून पत्ता मिळतो, कुणाला त्याच्याकडून, आणि अर्ध्या उपकरणांना बाहेर जाण्याची वाट चुकीची सांगितली जाते. हा गोंधळ लगेच दिसतही नाही. चालू असलेली उपकरणे काही तास नीट चालतात आणि मग एकेक करून बंद पडू लागतात, त्यामुळे दोष फायबरच्या जोडणीला दिला जातो.

दुसरी पद्धत म्हणजे मुख्य राउटरकडून आलेली तार दुसऱ्याच्या वॅन छिद्रात, म्हणजे बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठी असलेल्या छिद्रात, खोचणे. असे केल्यास इंटरनेट चालते, म्हणून पुष्कळ जण तिथेच थांबतात. पण मांगरात आता वेगळे नेटवर्क तयार झालेले असते. तिथल्या लॅपटॉपला घरातला प्रिंटर सापडतो खरा, तोही पत्ता हाताने टाकला तर, आणि घरात बसून मांगरातला कॅमेरा मात्र थेट दिसत नाही. म्हणून दुसऱ्या राउटरचा कारभार काढून घ्यावा आणि त्याला फक्त तार ते वाय-फाय इतकाच दुवा उरू द्यावा. अशा उपकरणाला ॲक्सेस पॉइंट म्हणतात.

ही मांडणी नेमकी कोणत्या क्रमाने करावी?

राउटर मांगरात नेण्यापूर्वी सर्व मांडणी घरात टेबलावर करावी. आधी जुना राउटर चालू करून त्याच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी दहा सेकंद दाबून धरावी, म्हणजे त्याची जुनी स्मृती पुसली जाते. मग लॅपटॉप तारेने त्याच्या लॅन छिद्राला जोडावा. या वेळी मुख्य राउटरची तार त्याला लावलेली नसावी. लेबलवर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकून आत शिरावे आणि सर्वप्रथम व्यवस्थापकाचा पासवर्ड बदलावा.

त्याच्या मांडणीत ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असा पर्याय असेल, तर तो निवडल्यावर पुढचे बहुतेक काम तो स्वतःच करतो. नसेल, तर क्रम महत्त्वाचा ठरतो. वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि डब्ल्यूपीए-२ ही निवड आधी पूर्ण करावी. त्यानंतर राउटरचा स्वतःचा लॅन पत्ता बदलावा. तो बदलताच समोरचे पान तुटते, तेव्हा लॅपटॉपची तार काढून पुन्हा लावावी आणि नव्या पत्त्यावर आत यावे. डीएचसीपी बंद करण्याचे काम सर्वांत शेवटी ठेवावे, कारण ते बंद झाल्यावर एकट्या राउटरकडून लॅपटॉपला पत्ता मिळत नाही आणि नवखा माणूस आपण काहीतरी बिघडवले असे समजून पुन्हा टाचणी हातात घेतो. आता मुख्य राउटरच्या लॅन छिद्रातून निघालेली तार या राउटरच्या लॅन छिद्रात लावावी. वॅनचे छिद्र रिकामेच राहते. त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवल्यास पुढे घरातले दुसरे कुणी चुकून तार तिथे खोचत नाही.

नवा लॅन पत्ता कोणता द्यावा?

मुख्य राउटरच्या पत्त्याचे पहिले तीन आकडे तेच ठेवावेत आणि शेवटचा बदलावा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल, तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्यावा. जिओच्या फायबर राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.२९.१ असतो, तिथे दुसऱ्याला १९२.१६८.२९.२ द्यावा. मुख्य राउटर जे पत्ते वाटतो त्यांच्या यादीत हा आकडा येत नाही ना, एवढे पाहावे, आणि तो आकडा राउटरच्या पोटावर कागद चिकटवून लिहून ठेवावा. दोन वर्षांनी तोच कागद उपयोगी पडतो.

दोन्हीकडे वाय-फायचे नाव एकच ठेवावे की वेगवेगळे?

नाव, पासवर्ड आणि सुरक्षिततेची पद्धत ही तिन्ही सारखी ठेवली, तर मोबाइल घरातून मांगरात जाताना आपोआप जवळच्या राउटरला धरतो. तरीही काही मोबाइल आधी धरलेल्या राउटरची क्षीण रेंज सोडत नाहीत. अशा वेळी वाय-फाय एकदा बंद करून चालू करावे लागते. पहिले आठ दिवस नावे वेगळी ठेवून आपण नक्की कुणाला जोडलेले आहोत हे पाहावे आणि सर्व नीट चालते याची खात्री झाल्यावर नावे एक करावीत, अशी माझी शिफारस आहे.

चॅनेल, म्हणजे पट्टीतला राउटर वापरतो तो भाग, मात्र वेगवेगळा हवा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. घरात १ असेल तर मांगरात ६ किंवा ११ ठेवावा, आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच राहू द्यावी.

तार कोणती घ्यावी आणि ती किती लांब जाऊ शकते?

तांब्याची इथरनेट तार १०० मीटरपर्यंत नेता येते, आणि त्या अंतरात कॅट-५ई या प्रतीची तारही एक गिगाबिट (१००० मेगाबिट) वेग वाहून नेते. कॅट-६ घेतली तर उत्तम, पण मांगरासाठी त्याहून भारी तारेची गरज नाही. राउटर जुना असेल तर त्याची छिद्रे बहुधा १०० मेगाबिटचीच असतात, म्हणजे प्रत्यक्षात ९४-९५ मेगाबिटपर्यंत वेग मिळतो. व्हिडिओवरची बैठक, दोन-तीन कॅमेरे आणि पाहुण्यांचे मोबाइल यांना तो पुरून उरतो.

तारेच्या दर्जाबाबत मात्र मी आग्रही आहे. पहिल्या खेपेस मी तालुक्याच्या गावातून स्वस्तातले बंडल आणले. आठ महिने ते चालले, मग वेग अधूनमधून कोसळू लागला. टोकाचा कनेक्टर कापून एक बारीक तार पात्याने खरवडली, तेव्हा वरचा तांबूस मुलामा निघाला आणि आत पांढरे ॲल्युमिनियम दिसले. मांगराच्या बाजूच्या दोन तारा तर कनेक्टरमध्येच तुटल्या होत्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार दोन-तीनदा वाकवली की मोडते, आणि समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत उघडी टोके लवकर गंजतात. म्हणून दुकानातच तार खरवडून पाहावी आणि तांब्याचा रंग आतपर्यंत आहे याची खात्री करावी. बाहेरून न्यायची तार काळ्या आवरणाची, उन्हापावसात टिकणारी घ्यावी. घरात वापरायची राखाडी किंवा निळी तार उन्हात दोन वर्षांत फुटते.

कनेक्टर घरी बसवता येतात का?

हो, क्रिम्पिंगची पक्कड आणि थोडा धीर असला की येतात. रंगांचा प्रचलित क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवावा. तारांच्या जोड्यांचा पीळ कनेक्टरच्या तोंडापर्यंत राहू द्यावा आणि बाहेरचे आवरण कनेक्टरच्या आत शिरून दाबले गेले आहे ना, ते पाहावे. आवरण बाहेर राहिले की सगळा ताण आठ बारीक तारांवर येतो.

तार जमिनीखालून न्यावी की वरून?

जमिनीखालून नेणे केव्हाही चांगले. दीड फूट खोल चर खणून त्यात एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) पाइप टाकावा आणि तार त्या पाइपातून ओवावी. नुसती तार पुरली तर घुशी ती कुरतडतात आणि पुढच्या वर्षी आळी करताना कुदळ नेमकी तिच्यावरच पडते. पाइपात तारेसोबत एक नायलॉनची दोरी कायम सोडून ठेवावी, म्हणजे पुढे दुसरी तार ओढायची वेळ आली तर पुन्हा चर खणावा लागत नाही. मोटारीची किंवा दिव्याची वीजतार त्याच पाइपात टाकू नये. तिच्यापासून निदान फूटभर अंतर ठेवावे आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी.

जांभ्याच्या कातळात चर खणणे सर्वांना शक्य नसते हेही खरे. वरून नेताना आधी घर ते मांगर अशी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार ताणून घ्यावी आणि केबल तिला थोड्या थोड्या अंतरावर बांधावी, म्हणजे केबलवर स्वतःचा भार येत नाही. माकडांचा वावर असलेल्या गावात लोंबती केबल टिकत नाही. माडावरून उडी घेताना त्यांना ती आयतीच धरायला मिळते. केबल भिंतीत शिरते तिथे तिला आधी खाली एक झोळ द्यावा आणि भिंतीचे छिद्र बाहेरच्या बाजूला उतरते पाडावे. एवढ्या साध्या गोष्टीने पावसाचे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. नाहीतर ते केबलवरून घसरत थेट राउटरच्या छिद्रापर्यंत पोहोचते.

वीज कडाडण्याचा या तारेशी काय संबंध?

फार मोठा, आणि या पानावरचा हा भाग कृपया वगळू नये.

आमच्याकडे मे महिन्याच्या अखेरीस एका संध्याकाळी वीज पडली ती घरावर किंवा मांगरावर नव्हे, तर शेजारच्या वाडीतल्या माडावर. दिवे गेले, परत आले, आणि दोन्ही राउटर मेलेले होते. मांगरातल्या राउटरचे झाकण उघडले तेव्हा जळका वास अजून होता आणि ज्या एका लॅन छिद्रात घराकडची तार होती, फक्त त्याच्यामागे काळा डाग पडलेला होता. उरलेली तीन छिद्रे स्वच्छ होती. वीज विजेच्या प्लगमधून नव्हे, तर मी ताणलेल्या तारेतून आली होती.

त्याचे कारण असे. जवळपास वीज कोसळली की लांब तांब्याच्या तारेत क्षणभर मोठा विद्युत दाब निर्माण होतो. त्यातच दोन इमारतींच्या जमिनीचा विद्युत दाब त्या क्षणी सारखा राहत नाही आणि तो फरक भरून काढण्यासाठी प्रवाहाला तारेची सोपी वाट मिळते. इथरनेटच्या छिद्रात आत एक विलग करणारा ट्रान्सफॉर्मर असतो, पण तो सुमारे १५०० व्होल्ट सोसण्याच्या हिशेबाने घडवलेला असतो. विजेपुढे तो टिकत नाही. दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (जादा दाब जमिनीत सोडणारी उपकरणे) लावता येतात, पण ते चांगल्या अर्थिंगवर अवलंबून असतात, आणि उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या जांभ्याच्या जमिनीत चांगले अर्थिंग मिळवणे कठीण असते. नेमक्या त्याच काळात, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर आणि पुन्हा परतीच्या पावसात, कोकणात विजांचा जोर असतो.

मग यावर खात्रीचा उपाय कोणता?

दोन इमारतींमध्ये तांब्याऐवजी फायबर टाकणे. फायबर म्हणजे काचेचा तंतू; काच वीज वाहून नेत नाही, त्यामुळे एका बाजूचा आघात तारेवरून दुसरीकडे जात नाही. यासाठी तारेतला संदेश प्रकाशात आणि प्रकाश पुन्हा तारेत बदलणाऱ्या मीडिया कन्व्हर्टरची एक जोडी लागते: एक घरात, एक मांगरात. एकेरी तंतूवर चालणाऱ्या जोडीतील एक कन्व्हर्टर ‘ए’ आणि दुसरा ‘बी’ असतो, कारण एक १३१० नॅनोमीटरवर बोलतो आणि १५५० वर ऐकतो, तर दुसरा त्याच्या उलट. दोन्ही ‘ए’ घेतले तर जोडणी कधीच लागत नाही. तंतूची टोके जोडण्याचे काम गावात फायबरची जोडणी करणारी मुले त्यांच्या यंत्रावर थोड्या वेळात करून देतात. आम्ही तसेच करून घेतले आणि तेव्हापासून मांगराकडून घराकडे कोणताही आघात आलेला नाही.

एक बारकावा सांगायलाच हवा. घरोघर ओढल्या जाणाऱ्या काळ्या फायबर केबलमध्ये काचेसोबत आधाराची पोलादी तार असते आणि ती मात्र वीज वाहते. ती तार दोन्ही टोकांना उपकरणापासून दूर, इमारतीच्या बाहेरच कापून ठेवावी, किंवा धातू नसलेली केबल मागावी. केबल कुठेही टोकदार मोडू नये आणि चालू तंतूच्या टोकात डोळा लावून पाहू नये. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

फायबर करणे जमत नसेल, तर गडगडाट सुरू होण्यापूर्वी दोन्ही टोकांची तार आणि अडॅप्टर काढून ठेवणे एवढाच खरा उपाय उरतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देते. ते मोबाइलवर असावे, आणि केवळ राउटरसाठी नव्हे. वीज डोक्यावर आल्यावर तार काढायला जाऊ नये. राउटर पुन्हा मिळतो.

तार नेणे शक्यच नाही, मधे रस्ता किंवा दुसऱ्याची जमीन आहे. अशा वेळी?

मग हवेतूनच जावे लागते, पण भिंती टाळून. घराच्या मांगराकडच्या खिडकीत आणि मांगराच्या घराकडच्या खिडकीत एकेक उपकरण असे ठेवावे, की दोघांना एकमेक थेट दिसतील. काही जुन्या राउटरमध्ये डब्ल्यूडीएस नावाची सोय असते आणि तिने दोन राउटर बिनतारी जोडता येतात. मात्र ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या राउटरमध्ये क्वचितच जुळते. बाहेर लावायचे, एकाच दिशेने बोलणारे बिनतारी पूल मिळतात, ते याहून कितीतरी भरवशाचे. पूल मांगरात उतरला, की त्याच्या तारेला आपला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावावा. या पट्ट्यांसाठी परवाना काढावा लागत नाही: भारतात २.४ गिगाहर्ट्झची पट्टी २००५ पासून आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ पासून, ठरवलेल्या शक्तीच्या मर्यादेत, विनापरवाना खुला आहे. पूल मे महिन्यात बसवला तर वाटेतल्या झाडांची पावसाळ्यातली वाढ आधीच हिशेबात धरावी.

विजेच्या वायरिंगमधूनच इंटरनेट नेणारे अडॅप्टर कसे असतात?

घर आणि मांगर एकाच मीटरवर आणि एकाच फेजवर असतील तर ते चालतात. मांगराला शेतीपंपाचा वेगळा मीटर असेल तर त्यावर विसंबू नये.

दिवे गेल्यावर मांगरातले इंटरनेट चालू राहील का?

वाटेतल्या प्रत्येक उपकरणाला वीज हवी, हे लक्षात ठेवावे. घरातला राउटर इन्व्हर्टरवर असला तरी मांगरातला राउटर आणि दोन्ही कन्व्हर्टर बंद पडले की जोडणी तुटते. राउटरसाठी मिळणारा छोटा बॅटरी संच मांगरात लावावा, मात्र तो आपल्या राउटरच्या व्होल्टचाच असल्याची खात्री करावी.

मांगरात पाहुणे राहतात. त्यांना घरच्या नेटवर्कपासून वेगळे कसे ठेवावे?

इथे एक फसगत होते. मांगरातल्या राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ (पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय) सुरू केले म्हणजे पाहुणे वेगळे झाले, असे वाटते; पण राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून चालत असताना पुष्कळ जुन्या मॉडेलांत ती विभागणी उरत नाही आणि पाहुण्याच्या मोबाइलला घरातला कॅमेरा आणि प्रिंटर दिसू शकतो. विश्वास न ठेवता स्वतःचा मोबाइल गेस्ट नेटवर्कला जोडून मुख्य राउटरचे पान उघडते का, ते पाहावे. उघडले, तर विभागणी झालेली नाही. पाहुण्यांचीच सोय करायची असेल, तर नव्या राउटरवर खर्च करून विभागणी मुख्य राउटरपासूनच करून घ्यावी. जोडणी ज्याच्या नावावर आहे, त्याच्याच दारात चौकशी प्रथम येते. म्हणून पासवर्ड फलकावर कायमचा लिहून न ठेवता वरचेवर बदलत राहावा.

सगळे जोडले, पण चालत नाही. शोध कुठून सुरू करावा?

दिव्यांपासून. मुख्य राउटरवरचा त्या लॅन छिद्राचा दिवाच लागत नसेल तर दोष तारेत किंवा कनेक्टरमध्ये आहे. दिवा लागतो, मोबाइल वाय-फायला जोडलाही जातो, पण ‘पत्ता मिळवत आहे’ यावरच अडकतो, तेव्हा तार बहुधा वॅन छिद्रात गेलेली असते किंवा मुख्य राउटरपर्यंत पोहोचतच नसते. पत्ता मिळतो पण इंटरनेट नाही, असे असेल तर दुसऱ्या राउटरचे डीएचसीपी चालूच राहिले आहे का ते पाहावे. मोबाइलच्या वाय-फाय माहितीत ‘गेटवे’ (बाहेर जाण्याची वाट) म्हणून मुख्य राउटरचा पत्ता दिसायला हवा. राउटरचे पान अधूनमधूनच उघडते, कधी हा तर कधी तो, असे होत असेल तर दोघांचाही पत्ता एकच राहिला आहे.

संपूर्ण घराचेच नेटवर्क ठप्प झाले आणि सगळे दिवे एकदम वेगाने लुकलुकू लागले, तर दोन राउटरमध्ये चुकून दोन तारा लागल्या आहेत का ते तपासावे. संदेश त्या दोन तारांतून गोल गोल फिरत राहतात आणि बाकी कशालाच जागा उरत नाही. एक तार काढताच सारे पूर्ववत होते.

राउटर गिगाबिटचा असूनही वेग ९४-९५ मेगाबिटच्या वर जात नसेल, तर आठपैकी चारच तारा काम करत आहेत असे समजावे. १०० मेगाबिटला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात; निळी किंवा तपकिरी तुटली की जोडणी बंद न पडता गुपचूप खालच्या वेगावर उतरते.

मांगरात राउटर कुठे ठेवावा?

माणसे बसतात त्या खोलीत, डोक्याच्या उंचीवर, पत्र्यापासून निदान दोन फूट खाली. लोखंडी कपाटावर ठेवू नये आणि काजूच्या भट्टीजवळ तर मुळीच नको. मोबाइलवरच्या वाय-फाय मोजणाऱ्या ॲपमध्ये उणे ६५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे माप; शून्याच्या जितके जवळ तितके बरे) किंवा त्याहून बरा आकडा आला तर जागा योग्य आहे. आकडा उणे ७५ च्या खाली गेला की व्हिडिओ अडखळू लागतो. मुंग्या उबेला राउटरच्या आत घर करतात, म्हणून तो जमिनीवर किंवा भिंतीच्या भेगेला टेकवून ठेवू नये.

पावसाळ्यापूर्वी दरवर्षी काय पाहावे?

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात तासभर काढावा. बाहेरच्या तारेवरून हात फिरवत टोकापासून टोकापर्यंत जावे आणि आवरणाला चिरा पडल्या आहेत का ते पाहावे. पाइपाची दोन्ही तोंडे बुजवलेली आहेत का, झोळ जागेवर आहे का, जीआय तार ढिली झाली आहे का, हे तपासावे. कनेक्टर काढून त्यांच्या सोनेरी पात्यांवर हिरवट थर दिसला तर तो घासत न बसता नवा कनेक्टर बसवावा. राउटरची झरोके असलेली बाजू ब्रशने झाडावी, बॅटरी संच वीजपुरवठा बंद करून किती वेळ चालतो ते मोजावे, आणि राउटरच्या पोटावर चिकटवलेल्या कागदावरचा पत्ता अजून वाचता येतो का ते पाहावे.